ओस्ट्रावाच्या शाळांतली मोजणी: रोमा मुलांच्या एका खटल्याची बांधणी

१९९९ साली झेक प्रजासत्ताकातल्या ओस्ट्रावा शहरात विशेष शाळांच्या पटावर १,३६० मुले होती. त्यांतली ७६२ रोमा, म्हणजे युरोपातल्या एका वंचित अल्पसंख्याक समाजातली. सर्वसाधारण प्राथमिक शाळांच्या पटावर ३३,३७२ मुले होती आणि त्यांत रोमांचा वाटा होता २.२६ टक्के. या चार आकड्यांवर उभा राहिलेला खटला १३ नोव्हेंबर २००७ रोजी स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महाखंडपीठाने (१७ न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने) १३ विरुद्ध ४ मतांनी रोमा मुलांच्या बाजूने निकाली काढला: डी. एच. व इतर विरुद्ध झेक प्रजासत्ताक, अर्ज क्रमांक ५७३२५/००.

कायद्याच्या वर्गात हा खटला ‘अप्रत्यक्ष भेदभावा’चे उदाहरण म्हणून शिकवतात, आणि ते योग्यच आहे. पण रोमा वस्तीत कायदेशीर मदतीचे काम करणाऱ्याने किंवा अशा कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण आखणाऱ्याने निकालपत्र जरा बाजूला ठेवावे आणि फाइल पहिल्या पानापासून उघडावी. खटल्याचा निर्णायक भाग वकीलपत्रावर सही होण्याआधी घडला होता, आणि त्या कामासाठी कुठलीही सरकारी कायदेशीर मदत योजना पैसे देत नाही.

कागदावर सगळे नियमात

विशेष शाळा सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी होत्या. त्या १९८४ च्या शाळा कायद्याखाली चालत. मुलाला तिथे घालण्यासाठी तीन कागद लागत: मानसशास्त्रीय सल्ला केंद्राचा चाचणी अहवाल, पालकांची लेखी संमती आणि मुख्याध्यापकांचा आदेश. आदेशाविरुद्ध अपील करता येईल, हेही लेखी कळवले जाई. खटल्यातल्या १८ अर्जदारांना (जन्म १९८५ ते १९९१) १९९६ ते १९९९ या काळात अशा शाळांत घातले गेले. काही थेट पहिलीपासून तिथे गेले, काही आधी साध्या शाळेत थोडा काळ काढून मग. तिन्ही कागद फायलीत होते. अपील कुणीच केले नव्हते.

अभ्यासक्रम हलका केलेला असे. विशेष शाळेतून बाहेर पडणाऱ्याला फेब्रुवारी २००० मध्ये कायदा बदलेपर्यंत व्यवसाय प्रशिक्षण केंद्राशिवाय दुसऱ्या माध्यमिक शिक्षणाला अर्जच करता येत नसे. सहाव्या-सातव्या वर्षी झालेली एक सही मुलाला पंधराव्या वर्षी नेऊन सोडायची ती आयटीआयसारख्या संस्थेच्या दारात, तेही निवडक ट्रेडपुरती.

कायद्यात ‘रोमा’ हा शब्द कुठेही नव्हता. कुणा अधिकाऱ्याने ‘रोमा मुले तिकडे पाठवा’ असे परिपत्रक काढले नव्हते. हेतू सिद्ध करायला गेले असते तर हाती काहीच लागले नसते. म्हणून परिणाम सिद्ध करायचा मार्ग धरला गेला, आणि परिणाम दाखवायचा तर मोजणी हवी.

मोजणी

युरोपियन रोमा राइट्स सेंटर (पुढे ‘रोमा केंद्र’) ही संस्था १९९६ साली बुडापेस्टमध्ये सुरू झाली. झेक शाळांची पाहणी तिने हाती घेतली तेव्हा सरकारकडे मुलांच्या वांशिक ओळखीची अधिकृत नोंदच नव्हती. जनगणनेचाही उपयोग नव्हता. १९९१ च्या गणनेत सुमारे ३३ हजार लोकांनी स्वतःला रोमा म्हणवले आणि २००१ मध्ये १२ हजारांहूनही कमी लोकांनी, उलट अंदाज दीड ते तीन लाखांचे होते. रोमा लोक सरकारी फॉर्मवर आपली ओळख का लिहीत नाहीत, हे समजायला दुसऱ्या महायुद्धातल्या याद्या आठवल्या तरी पुरे. याद्या करून माणसे छावण्यांत नेली गेली, ही आठवण घराघरांत आहे.

मग आकडे आणायचे कुठून? ओस्ट्रावातल्या विशेष आणि साध्या, दोन्ही प्रकारच्या शाळांच्या मुख्याध्यापकांना प्रश्नावली पाठवली गेली: एकूण पट किती, त्यात रोमा किती. हे सगळे १९९९ मध्येच झाले. वरवर साधी वाटणारी ही कृती दोन बाबतींत फार हुशारीची होती. एक, माहिती देणारे खुद्द व्यवस्थेतले होते; पुढे सरकारला ‘हे संस्थेने रंगवलेले आकडे आहेत’ असे म्हणणे जड गेले. दोन, शहर एकच घेतले, पण शाळांचे दोन्ही प्रकार घेतले. फक्त विशेष शाळा मोजल्या असत्या तर तुलनाच उभी राहिली नसती.

प्रशिक्षणात याच ठिकाणी लोक अडखळतात, म्हणून गणित पुरते मांडू. या खटल्यात तीन टक्केवाऱ्या फिरतात आणि त्यांची सर्रास सरमिसळ होते.

विशेष शाळांच्या १,३६० मुलांत ७६२ रोमा, म्हणजे ५६ टक्के. हा झाला विशेष शाळेतला रोमांचा वाटा. पण शहरात मुळात रोमा मुलेच जास्त असतील तर ५६ टक्क्यांतून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून दुसरी बाजू पाहायची. साध्या शाळांतल्या ३३,३७२ चे २.२६ टक्के म्हणजे साधारण ७५४ रोमा मुले. शहरातली एकूण रोमा मुले ७६२ अधिक ७५४, म्हणजे १,५१६. त्यांपैकी ७६२ विशेष शाळेत, म्हणजे ५०.३ टक्के. आता रोमा नसलेली मुले: विशेष शाळेत १,३६० वजा ७६२, म्हणजे ५९८, साध्या शाळेत सुमारे ३२,६१८, बेरीज ३३,२१६. त्यांतली ५९८ म्हणजे १.८ टक्के.

५०.३ आणि १.८, तुलना या दोन आकड्यांची करायची. भागाकार २८ च्या जवळ जातो. निकालपत्रात ‘२७ पट’ असा सावध आकडा आहे. ५६ टक्क्यांची बातमी होते, पण खटला २७ पटींवर उभा राहतो. समूहातल्या किती जणांवर परिणाम झाला आणि परिणाम झालेल्यांत समूहाचा वाटा किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. भेदभावाच्या दाव्यात छेद चुकला की विरुद्ध पक्षाचा वकील पाच मिनिटांत सगळे खाली आणतो.

सरकारने मोजणीवर हल्ला केलाच: हे मुख्याध्यापकांचे व्यक्तिगत अंदाज आहेत, कोण रोमा आणि कोण नाही हे ते डोळ्यांनी ठरवतात. आक्षेप खोटा नव्हता. महाखंडपीठानेही आकडे पूर्णपणे विश्वासार्ह नसतील हे मान्य केले. पण सरकारने स्वतःचे पर्यायी आकडे दिले नव्हते, आणि ‘अधिकृत माहिती नाही’ हे त्यांचेच म्हणणे होते. शिवाय अल्पसंख्याक संरक्षण कराराखाली झेक सरकारनेच सादर केलेल्या अहवालात काही विशेष शाळांत रोमांचे प्रमाण ८० ते ९० टक्के असल्याची कबुली होती. युरोप परिषदेच्या (स्ट्रासबुर्गचे न्यायालय जिचे आहे ती संघटना; युरोपीय संघ वेगळा) वंशद्वेषविरोधी आयोगाचे अहवालही त्याच दिशेचे होते. म्हणजे आकडा एकटा ठेवलेला नव्हता. त्याला तीन बाजूंनी टेकू होते, त्यांतला एक खुद्द प्रतिवादीचा.

आजही अशी मोजणी करायची असेल तर रकाने मोजकेच ठेवावेत: शाळा, इयत्ता, एकूण पट, रोमा पट, आकडा कोणत्या पदावरच्या माणसाने दिला, कोणत्या तारखेला, कशावरून. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि उलटतपासणीत नेमका तोच विचारला जातो. मुलांची नावे आणि वांशिक ओळख एकाच कागदावर कधीही लिहू नये. युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमांत वांशिक माहिती विशेष संरक्षित प्रकारात मोडते. एकत्रित आकडे मात्र गोळा करता येतात. ‘कायदा आम्हाला रोमांची नोंद ठेवू देत नाही’ असे उत्तर एखाद्या कार्यालयाने दिले तर ते लेखी घ्यावे. ओस्ट्रावाच्या खटल्यात त्या उत्तराचा फायदा अर्जदारांनाच झाला.

अर्जदार आणि तारखा

१५ जून १९९९ रोजी दोन अर्ज एकाच दिवशी गेले. चौदा मुलांच्या वतीने ओस्ट्रावाच्या शिक्षण खात्याकडे आदेशांच्या फेरविचाराची मागणी झाली, आणि बारा जणांनी घटनात्मक न्यायालयात तक्रार केली. शिक्षण खात्याने सप्टेंबरमध्ये नकार कळवला. घटनात्मक न्यायालयाने २० ऑक्टोबर १९९९ रोजी तक्रार फेटाळली: काही भाग उघडपणे निराधार, काही अधिकारकक्षेबाहेर. व्यापक सामाजिक संदर्भ तपासणे आपले काम नाही, आपण फक्त त्या-त्या प्रकरणापुरते बघतो, ही त्या न्यायालयाची भूमिका होती.

हरण्यासाठीच केलेला अर्ज वाटावा, पण तो टाळता येत नव्हता. देशातले उपाय संपवल्याशिवाय स्ट्रासबुर्गचे दार उघडत नाही. सरकारने पुढे नेमका हाच मुद्दा काढला: वेळेत अपील केले नाही, सगळ्या अर्जदारांनी सगळे मार्ग वापरले नाहीत. घटनात्मक न्यायालयाने प्रश्नाचे महत्त्व पाहून ती उणीव स्वतःहूनच बाजूला ठेवली होती, म्हणून महाखंडपीठाने आक्षेप फेटाळला. यात नशिबाचाही भाग आहे. दुसऱ्या देशात, दुसऱ्या न्यायालयापुढे याच फायली तांत्रिक कारणावर परत आल्या असत्या. अपिलाची मुदत उलटून गेलेले पालक दारात येणे ही वस्तीतल्या कामाची नेहमीची स्थिती आहे.

स्ट्रासबुर्गचा अर्ज १८ एप्रिल २००० रोजी दाखल झाला, अंतिम देशांतर्गत निकालापासून तेव्हाच्या सहा महिन्यांच्या मुदतीच्या अगदी काठावर. फेब्रुवारी २०२२ पासून ती मुदत चार महिने आहे. जुनी पुस्तिका वापरणाऱ्या प्रशिक्षकांनी एवढी एक ओळ तरी आजच दुरुस्त करावी.

अर्जदार म्हणून १८ मुले घेण्यामागेही हिशेब दिसतो. एकच मूल घेतले असते तर खटला त्याच्या बुद्ध्यांकावर घसरला असता. अठरा निरनिराळ्या फायली समोर असल्या की लक्ष पद्धतीकडे जाते. यातल्या चार मुलांना पुढे चाचणी देऊन साध्या शाळेत परत जाता आले. सरकारने ते ‘बघा, दार उघडे आहे’ म्हणून मांडले; वाचणाऱ्याला मात्र ती मुले मुळात तिथे गेलीच कशी, हा प्रश्न पडतो.

पहिली हार

७ फेब्रुवारी २००६ रोजी सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने सहा विरुद्ध एक मताने अर्जदारांविरुद्ध निकाल दिला. कारणे नीट वाचावीत, कारण देशोदेशीची खालची न्यायालये आजही हीच देतात. आकडेवारी चिंताजनक असली तरी तेवढ्याने भेदभाव सिद्ध होत नाही. विशेष शाळांचा हेतू वांशिक नव्हता. चाचण्या तज्ज्ञांनी घेतल्या होत्या. आणि पालकांनी सही केली, अपील केले नाही. म्हणजे जबाबदारी काही अंशी त्यांचीच.

महाखंडपीठाकडे पाठवण्याची विनंती तीन महिन्यांत करावी लागते आणि फार थोड्या विनंत्या मान्य होतात. ही ३ जुलै २००६ रोजी मान्य झाली, १७ जानेवारी २००७ ला सुनावणी झाली. अर्जदारांच्या बाजूने झेक वकील डेव्हिड स्ट्रुपेक, ओपन सोसायटी जस्टिस इनिशिएटिव्हचे जेम्स गोल्डस्टन आणि ब्रिटनचे लॉर्ड लेस्टर होते. शिवाय ह्यूमन राइट्स वॉच, इंटरराइट्स, मायनॉरिटी राइट्स ग्रुप अशा संस्थांनी तिऱ्हाईत पक्ष म्हणून लेखी म्हणणे दिले. लहान मुलांच्या शिक्षणातल्या संस्थांचेही एक म्हणणे होते. शिक्षणशास्त्र जाणणाऱ्यांनी कोर्टात बोलणे महत्त्वाचे होते, कारण ‘चाचणी शास्त्रीय आहे’ या दाव्याला वकील काय उत्तर देणार?

तिऱ्हाईत म्हणणे छोट्या संस्थेलाही देता येते. अर्ज सरकारकडे पाठवल्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून बारा आठवड्यांत परवानगी मागायची. म्हणणे थोडक्या पानांत बसवायचे आणि त्यात अर्जदाराची बाजू पुन्हा मांडायची नाही. न्यायालयाकडे नसलेली माहिती द्यायची.

महाखंडपीठाने काय बदलले

तर्काच्या पायऱ्या अशा. वरकरणी तटस्थ नियमाचा एखाद्या समूहावर कितीतरी अधिक प्रतिकूल परिणाम होत असेल तर तो अप्रत्यक्ष भेदभाव असू शकतो. हेतू सिद्ध करायची गरज नाही. असा परिणाम विश्वासार्ह आणि लक्षणीय आकडेवारीने प्रथमदर्शनी दाखवता येतो. एकदा तो दिसला की पुराव्याचा भार सरकारवर जातो. फरकाला वस्तुनिष्ठ आणि वाजवी कारण होते हे सरकारने दाखवायचे.

सरकारने दोन कारणे दिली, चाचणी आणि संमती. संमतीचे पुढे पाहू. चाचण्या बहुसंख्य समाजाच्या मुलांवर बेतलेल्या होत्या आणि रोमा मुलांची भाषा, घर, अनुभव यांचा विचार त्यांत नव्हता, असे न्यायालयासमोरच्या साहित्यातून दिसत होते. घरी गोरमाटी किंवा कैकाडी बोलणाऱ्या मुलाची पहिल्याच आठवड्यात प्रमाण मराठीत परीक्षा घेणाऱ्या शिक्षकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

शेवटची पायरी सर्वांत धाडसी होती. पद्धतीचा परिणामच रोमा समाजावर विषम झाला, हे सिद्ध झाल्यावर त्या समाजातल्या अठरा जणांनाही तो भोगावा लागला असणारच. म्हणून प्रत्येक मुलाची स्वतंत्र तपासणी करण्याची गरज नाही. युरोपीय मानवी हक्क करारातल्या कलम १४ (भेदभावबंदी) आणि त्याच्या पहिल्या प्रोटोकॉलच्या (जोडकराराच्या) कलम २ (शिक्षणाचा हक्क) यांचा एकत्रित भंग झाला. प्रत्येक अर्जदाराला ४,००० युरो आणि सर्वांना मिळून खर्चापोटी १०,००० युरो. निकालाच्या दिवशी सर्वांत लहान अर्जदार सोळाच्या आसपास होता. कुणाचेही शालेय वय परत येणार नव्हते.

सही म्हणजे संमती?

पालकांची सही हा खटल्यातला सगळ्यात अवघड मुद्दा होता, आणि वस्तीत काम करणाऱ्याच्या सगळ्यात उपयोगाचा.

फायलींत दिसले ते असे: काही ठिकाणी संमती म्हणजे आधीच भरलेल्या छापील फॉर्मवरची सही. साध्या शाळेत कोणते पर्याय आहेत, विशेष शाळेचा अभ्यासक्रम किती वेगळा आहे, पुढे कोणते दार बंद होईल, याचा त्यात उल्लेख नाही. त्यातच दुसऱ्या बाजूने दबाव: साध्या शाळेत मूल एकटे पडेल, चिडवतील, मागे राहील, विशेष शाळेत शेजारची, नात्यातली मुले आहेत. त्या दोन पर्यायांत बहुतेक आईबाप विशेष शाळाच निवडतील. न्यायालयाने म्हटले की ही माहितीपूर्ण संमती नव्हे, आणि पुढे जाऊन, वांशिक भेदभाव न होण्याच्या हक्कावर कुणाला पाणी सोडताच येत नाही, कारण तो सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे. हे दुसरे विधान कार्यकर्त्याने पाठ ठेवावे. ‘त्यांनीच सही केली ना!’ या वाक्याला कायद्यातले उत्तर तेच आहे.

पण निकालपत्रात एक बोचरे वाक्यही आहे. वंचित समाजातले आणि बरेचदा कमी शिकलेले हे पालक परिस्थितीचे सर्व पैलू आणि संमतीचे परिणाम तोलू शकत होते, याची न्यायालयाला खात्री वाटली नाही. विरोधी मत देणारे न्यायाधीश बोरेगो बोरेगो यांनी यावर कडक टीका केली. हे रोमा पालकांचा अपमान करणारे आहे, असा त्यांचा रोख होता. त्यांच्या निष्कर्षाशी सहमत व्हायची गरज नाही, पण आक्षेपात दम आहे. दोष माहिती दडवणाऱ्या फॉर्ममध्ये होता, तो पालकांच्या कुवतीवर ढकलण्याचे कारण नव्हते. अर्जदारांच्या बाजूने जिंकून देणारे वाक्यही समाजाला कमी लेखू शकते. युक्तिवाद लिहिताना ‘ते अडाणी आहेत’ याऐवजी ‘त्यांना हे सांगितले गेले नाही’ असे लिहिण्याची सवय वकिलांना लावणे हा प्रशिक्षणाचा भाग असायला हवा.

वस्तीतल्या कार्यकर्त्याला इथे काय करता येते? फॉर्म घरी आणायचा हक्क मागायचा. शाळेच्या ऑफिसात उभ्या-उभ्या सही करायची नाही. सही करताना तारीख स्वतःच्या हाताने घालायची, कारण आधी आदेश आणि मग संमती असा उलटा क्रम तारखेवरूनच उघडा पडतो. फॉर्मची प्रत मागायची. चाचणी कोणत्या भाषेत झाली, किती वेळ चालली, निकाल कुणी समजावला, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहायचे. लिहिता येत नसेल तर मध्यस्थाकडून (वस्ती आणि शाळा यांना जोडणाऱ्या कार्यकर्त्याकडून) लिहून घ्यायचे. आणि अपिलाची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवायची. मुदतीच्या शेवटच्या दिवशी वकील शोधायला निघालेला पालक बहुधा उशिराच पोचतो.

निकालानंतर

निकाल लागण्याआधीच, १ जानेवारी २००५ पासून, नव्या शिक्षण कायद्याने ‘विशेष शाळा’ हा प्रकार रद्द केला होता. बऱ्याच ठिकाणी फक्त पाटी बदलली. त्याच इमारती, तेच शिक्षक, नाव ‘प्रात्यक्षिक शाळा’. युरोप परिषदेच्या मंत्र्यांच्या समितीपुढे अंमलबजावणीची देखरेख वर्षानुवर्षे चालली. सप्टेंबर २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या युरोपीय आयोगानेही संघाच्या वांशिक समानतेच्या निर्देशाच्या उल्लंघनाबद्दल झेक सरकारवर कारवाई सुरू केली. पुढे स्लोव्हाकिया आणि हंगेरीवरही तशीच झाली. १ सप्टेंबर २०१६ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झाली: सौम्य बौद्धिक अपंगत्वासाठीचा वेगळा, कमी केलेला अभ्यासक्रम काढला आणि मदत साध्या शाळेतच द्यायची असे ठरले. २०१७ पासून शाळेआधीचे एक वर्ष सक्तीचे केले गेले.

स्ट्रासबुर्गच्या न्यायालयात मात्र निकाल लगेच कामाला आला. ग्रीसचे साम्पानिस (२००८), क्रोएशियाचे ओर्शुश (महाखंडपीठ, १६ मार्च २०१०, ९ विरुद्ध ८) आणि हंगेरीचे होर्वाथ व किश (२९ जानेवारी २०१३) हे निकाल याच वाटेने गेले. ओर्शुशमधले एका मताचे अंतर पाहिले की वाट किती अरुंद आहे ते कळते. तिथे मोजणी ओस्ट्रावाइतकी ठळक नव्हती आणि न्यायालयाला भाषेच्या चाचण्या व वर्गांच्या रचनेवर भर द्यावा लागला.

मदत आणि प्रशिक्षण: कुठे, कशासाठी

स्ट्रासबुर्गला अर्ज करायला शुल्क नाही. सुरुवातीचा अर्ज वकिलाशिवाय आणि कोणत्याही सदस्य देशाच्या अधिकृत भाषेत करता येतो. अर्ज सरकारकडे पाठवला गेला की साधारणपणे वकील लागतो आणि कामकाज इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये चालते. ठरलेला फॉर्म पूर्ण भरलेला, मूळ सहीचा, टपालानेच पाठवावा लागतो. २०१४ पासून अपुरा अर्ज मुदत थांबवत नाही. जोडपत्र वीस पानांच्या आत, कागद तारखेच्या क्रमाने आणि क्रमांक घातलेले. न्यायालयाची स्वतःची कायदेशीर मदतही आहे, पण ती सरकारचे लेखी म्हणणे आल्यानंतर किंवा त्याची मुदत संपल्यावरच मिळते, आणि त्यासाठी उत्पन्नाचे देशातल्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेले पत्र लागते. म्हणजे मोजणी, फायली गोळा करणे, देशातले खटले या सगळ्या महागड्या भागाला ती उपयोगी नाही. तो खर्च रोमा केंद्रासारख्या संस्था उचलतात, आणि त्या स्वाभाविकच निवडक प्रकरणे घेतात.

पर्यायी वाट म्हणजे युरोपीय सामाजिक सनदेखालची सामूहिक तक्रार. तिला वैयक्तिक अर्जदार लागत नाही, देशातले उपाय संपवावे लागत नाहीत. पण ती फक्त सामूहिक तक्रारीच्या प्रोटोकॉलला मान्यता दिलेल्या देशांविरुद्ध आणि नोंदणीकृत संस्थांनाच करता येते. ग्रीसमधल्या रोमांच्या घरांबाबत रोमा केंद्राने २००३ मध्ये केलेली तक्रार २००४ च्या डिसेंबरात यशस्वी ठरली होती. कुटुंबाला पुढे येण्याची भीती असेल तर आधी हीच वाट तपासावी.

प्रशिक्षणाच्या संधी अनेक पातळ्यांवर आहेत आणि त्या एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. युरोप परिषदेचे हेल्प नावाचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत, खाते उघडून कुणीही करू शकतो. भेदभावविरोधी कायद्याची ओळख करून घ्यायला चांगले, पण वस्तीत कसे काम करावे हे त्यांत शिकायला मिळत नाही. २०११ पासूनचा रोमेड कार्यक्रम मध्यस्थ तयार करण्यासाठी होता, आणि पालकांच्या सहीचा प्रश्न सुटतो तो अशाच माणसांमुळे. रोमा आणि ट्रॅव्हलर (आयर्लंडमधला एक भटका समाज) स्त्रियांसाठीच्या जस्टरोम कार्यक्रमाने बल्गेरिया, ग्रीस, आयर्लंड, इटली आणि रोमानियात कायदेशीर सल्ला केंद्रे चालवली. तिथे वकिलासोबत समाजातली ओळखीची व्यक्ती बसवण्याची पद्धत होती. नुसता वकील बसवला की बायका येत नाहीत, हे कुठल्याही देशात खरे आहे. २००५ पासूनचा रोमा एज्युकेशन फंड उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या देतो. रोमा केंद्राने रोमा विद्यार्थ्यांना इंटर्नशिप दिल्या आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाची अल्पसंख्याकांसाठीची फेलोशिपही २००५ पासूनची. तिच्यात जिनीव्हात काही आठवडे राहून समित्यांचे कामकाज शिकता येते. ज्याला अहवाल लिहायचे आहेत त्याने ती घ्यावी. ज्याला शाळेच्या दारात पालकांसोबत उभे राहायचे आहे त्याला मध्यस्थाचे प्रशिक्षण जास्त कामाचे.

अशा वर्गांच्या वेळापत्रकात करारांच्या कलमांना पहिले दोन दिवस जातात आणि पुराव्याला शेवटची दुपार उरते, ही आखणी उलटी करावी. पाच दिवसांच्या वर्गाचा एक पूर्ण दिवस खऱ्या पटाच्या आकड्यांवर छेद आणि अंश मांडण्यात घालवावा, आणि एक दिवस फाइल लावण्यात.

महाराष्ट्रातल्या विमुक्त-भटक्यांमध्ये काम करणाऱ्यांना यातले दोन धागे थेट लागू पडतात. सर्वोच्च न्यायालयाने २५ मार्च २०२१ च्या लेफ्टनंट कर्नल नितिशा निकालात अप्रत्यक्ष भेदभाव मान्य केला आहे, म्हणजे परिणामाचे आकडे मांडण्याची सोय इथेही आहे. दुसरे, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. राज्याच्या विमुक्त-भटक्या यादीतल्या पुरुषाला मात्र त्या यादीच्या आधारावर तो मिळत नाही. त्याने उत्पन्न मर्यादा, अटक किंवा कलमातले दुसरे कारण दाखवावे लागते. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज लिहिताना योग्य कारणावर खूण केली की एक फेरी वाचते. शाळाप्रवेशाचा वाद असेल तर अर्ज मुलाच्या नावानेच करावा.

स्ट्रासबुर्गचा निकाल हाती आल्यावर एक काम उरते. मंत्र्यांच्या समितीच्या नियम ९ नुसार संस्था अंमलबजावणीबद्दल लेखी माहिती देऊ शकतात; ती निकालांच्या अंमलबजावणी विभागाकडे जाते आणि सरकारच्या उत्तरासह प्रसिद्ध होते. तिथे नवे युक्तिवाद नकोत. त्याच शाळा, तेच रकाने, या वर्षीचा पट. सरकार ‘आम्ही कायदा बदलला’ असे कळवते, तेव्हा समितीपुढे गेल्या वर्षीच्या शेजारी या वर्षीचा आकडा ठेवलेला असावा.